चिनी चित्रित मीन्याच्या फुलांच्या बश्या : ओळख, काळ आणि जपणूक

प्रश्न असा आहे : सासूबाईंच्या माहेराहून आलेल्या दोन जुन्या चिनी बश्या आमच्या मुंबईच्या घरात आहेत. व्यास साधारण सहा इंच, पिवळी जमीन, तीवर गुलाबी-जांभळी फुले आणि हिरवी पाने, काठाला सोनेरी कड, पाठीमागे सपाट फिरोजी रंग आणि मधोमध निळ्या रंगात चार चिनी अक्षरे. एका बशीच्या काठाचा टवका उडाला असून आत तांबूस धातू दिसतो व त्याभोवती हिरवट डाग आहे. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने हे ‘क्लॉइझोने’ असून अडीचशे वर्षांपूर्वीच्या बादशाही कारखान्यातले आहे असे सांगितले, तर दुसऱ्याने टवका भरून, चकाकी आणून देण्याची तयारी दाखवली. या बश्या नेमक्या कशाच्या, किती जुन्या आणि त्यांचे पुढे काय करावे, हे छायाचित्रांसह विचारले आहे.

सर्वांत आधी एक विनंती : तो टवका तूर्त कोणालाही भरू देऊ नका. या बश्यांबद्दलचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा त्या टवक्यात आणि बश्यांच्या पाठीवर आहे. बहुतेक लोक प्रथम बुडाची अक्षरे पाहतात, मग फुले पाहतात आणि पाठ व मोडलेला भाग शेवटी पाहतात. मी हा क्रम नेमका उलटा ठेवतो, आणि तो का, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

टवक्याची कड उजेडात धरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. तळाशी तांब्याचा पत्रा, त्यावर दुधी पांढऱ्या काचेचा थर आणि त्या थरावर पिवळ्या रंगाचा अगदी पातळ पापुद्रा, असे तीन पदर आपल्याला दिसतील. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात ते मला पुरेसे स्पष्ट दिसले. चिनी मातीची बशी असती, तर मोडलेल्या जागी आरपार पांढरी माती दिसली असती. क्लॉइझोने असते, तर फुलाच्या प्रत्येक पाकळीभोवती धातूची बारीक तार उभी दिसली असती, कारण त्या पद्धतीत तारांचे कप्पे करून त्यांत रंगीत काच भरतात आणि मग सगळा पृष्ठभाग घासून एकसारखा करतात. आपल्याकडच्या जयपूरच्या मीनाकारीत धातूच कोरून खळगे करतात व ते भरतात. आपल्या बशीवर तारही नाही आणि खळगाही नाही. गुलाबी रंग पाकळीच्या बुंध्याशी गडद आहे आणि टोकाकडे विरत पांढऱ्यात मिसळला आहे. तारेच्या कप्प्यात रंग असा विरत नेणे फार अवघड असते. ते सहज साधते कुंचल्याने. म्हणून याला चित्रित मीना (मीना म्हणजे धातूवर भाजून बसवलेली रंगीत काच) म्हणायचे, आणि चीनमधल्या ज्या बंदराच्या शहरात हे काम सर्वांत जास्त झाले त्यावरून बाजारात याला ‘कँटन इनॅमल’ म्हणतात. पूर्वी आपल्या घरांत आणि इस्पितळांत लोखंडी पत्र्यावरच्या पांढऱ्या इनॅमलच्या थाळ्या असत, त्यांचा टवका उडाला की काळा पत्रा दिसे. मूळ तत्त्व तेच, फक्त इथे पत्रा तांब्याचा आहे आणि वरचे काम चित्रकाराचे आहे.

आता पाठीकडे वळू, कारण या वस्तूची घडण पाठीवरूनच समजते. तांब्याचा पातळ पत्रा ठोकून बशीचा आकार देत आणि तो स्वच्छ करत. वाळू, शिसे आणि पोटॅश यांपासून केलेली काच पांढरी व अपारदर्शक करण्यासाठी तीत शिशाचे आर्सेनिकयुक्त संयुग असे. ही काच दळून, ओली करून ती पत्र्याच्या दोन्ही बाजूंना लावत आणि साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत थोडा वेळ ठेवत. तांबे १०८५ अंशांना वितळते, त्यामुळे काच पातळ होऊन पसरते पण पत्रा टिकतो. मग पांढऱ्या जमिनीवर रंगीत काचेच्या पुडीने चित्र काढायचे आणि पुन्हा भाजायचे. सगळे रंग एकाच उष्णतेला नीट बसत नाहीत, म्हणून ही भाजणी अनेक वेळा होई. शेवटी काठावर उघड्या राहिलेल्या तांब्याला सोन्याचा मुलामा देत.

पाठीला मीना देण्याचे कारण शोभेपलीकडचे आहे. थंड होताना तांबे काचेपेक्षा जास्त आकसते. एकाच बाजूला काच असेल तर बशी वाकते आणि काच तडकते. दोन्ही बाजूंना थर असला म्हणजे ताण एकमेकांना तोलून धरतात. तरीही ताण नाहीसा होत नाही, तो त्या काचेत कायम दडलेला राहतो. म्हणूनच अशी बशी एका जागी आपटली की कधी कधी दुसऱ्याच जागचा मीना काही काळाने सुटतो, आणि म्हणूनच ती पुन्हा भट्टीत घालून टवका भरून देण्याची कल्पना मुळातच धोक्याची आहे. चकाकी आणून देणारे कारागीर भट्टी वापरत नाहीत, ते लांबी (म्हणजे भेगा भरायची पुटी) आणि तैलरंग किंवा लाख वापरतात. त्याविषयी पुढे लिहितो.

काळ ठरवताना पाठ उपयोगी पडते ती अशी. अठराव्या शतकातल्या चांगल्या कँटन बशीची पाठ कारागिराने सहसा मोकळी सोडलेली नसते. पांढऱ्या जमिनीवर काठाच्या मागे वेल किंवा फुलांच्या डहाळ्या असतात, आणि बुडाच्या मध्यभागी एखादे फूल, फळ अथवा पान एकटेच काढलेले असते. हे मागचे काम पुढच्या मानाने सैल असले तरी हात तोच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि विशेषतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जेव्हा अशा लहान बश्या, रक्षापात्रे आणि डब्या परदेशी गिऱ्हाइकांसाठी मोठ्या संख्येने होऊ लागल्या, तेव्हा पाठीला अनेकदा एकच सपाट फिरोजी किंवा पांढरा रंग दिलेला आढळतो आणि त्यात भाजताना पडलेली सुईच्या टोकाएवढी छिद्रे तशीच राहिलेली असतात. आपल्या दोन्ही बश्यांची पाठ या दुसऱ्या प्रकारची आहे.

मग बादशाही कारखान्याची गोष्ट आली कुठून, तर ती खऱ्या इतिहासातूनच आली आहे, फक्त तिचा या बश्यांशी संबंध नाही. तांब्यावर मीन्याने चित्र काढण्याची कला चीनमध्ये युरोपातून, सतराव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. फ्रान्समधल्या लिमोज शहरात ती त्याआधी बराच काळ नांदत होती. मिशनऱ्यांनी आणलेल्या भेटवस्तू पाहून खांग्शी बादशहाला तिची अतोनात ओढ लागली आणि पेकिंगच्या राजवाड्यात त्यासाठी कार्यशाळा चालू झाली. १७१६ मध्ये ग्वांगतुंग प्रांताच्या सुभेदाराने आपल्याकडचे मीना-कारागीर दरबारात पाठवले. १७१९ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त ग्राव्हरो हा फ्रेंच मीना-कारागीर दाखल झाला. त्याआधी मात्तेओ रिपा आणि ज्युझेप्पे कास्तिलिओने या दोन इटालियन मिशनऱ्यांनाही बादशहाने या कामाला लावले होते. रिपाने आपल्या आठवणींत स्वच्छ लिहून ठेवले आहे की, भट्टीच्या कामातून सुटका व्हावी म्हणून आपण दोघांनी मुद्दाम इतके वाईट रंगवले की बादशहाने पुरे म्हटले. युंगचंग बादशहाच्या काळात, १७२८ मध्ये, राजवाड्यातच नव्याने तयार केलेल्या रंगांची नोंद कागदपत्रांत सापडते. त्यानंतरच्या छियेनलुंग बादशहाच्या दीर्घ कारकिर्दीत (१७३५ ते १७९६) हे काम विपुल झाले. त्या राजवाड्यातल्या वस्तू संख्येने मर्यादित आहेत, आणि त्यांतल्या उत्तम वस्तू आज पेकिंग आणि तैपेई इथल्या राजवाडा संग्रहालयांत आहेत. ग्वांगचौ म्हणजे कँटन इथल्या कार्यशाळा मात्र दरबारालाही माल पुरवत आणि बंदरात येणाऱ्या जहाजांनाही.

फुलांविषयी. गुलाबी रंग हा या कामाचा प्राण आहे. तो सोन्यापासून येतो : सोने आम्लात विरघळवून, त्याचे अतिसूक्ष्म कण काचेत पसरवले की माणकासारखा रंग मिळतो, आणि तो अपारदर्शक पांढऱ्यात मिसळला की फिकट गुलाबीपासून जांभळटापर्यंत सगळ्या छटा हाताशी येतात. या रंगामुळेच चिनी चित्रकाराला प्रथमच चकाकत्या पृष्ठभागावर पिओनी या मोठ्या, भरगच्च फुलाच्या पाकळीचा मऊपणा दाखवता आला. अठराव्या शतकातली चांगली बशी भिंगाखाली धरली, तर पाकळीवर रंगाचा सपाट थर दिसत नाही. बुंध्याकडे दाट आणि टोकाकडे विरळ होत जाणारे असंख्य बारीक ठिपके आणि केसासारख्या रेषा दिसतात. पानाची वरची बाजू निळसर हिरवी आणि वळलेली खालची बाजू पिवळसर हिरवी असते, शिरा वेगळ्या गडद रेषेने काढलेल्या असतात, आणि पानाच्या टोकाला कीड लागल्याचा तपकिरी ठिपकासुद्धा कधी कधी असतो. हे पाहणे हा फार मोठा आनंद आहे, आणि ज्याने अशी एक बशी निवांतपणे भिंगातून पाहिली त्याला पुढे नक्कल ओळखायला कोणाच्या प्रमाणपत्राची फारशी गरज पडत नाही.

आपल्या बश्यांवर पिओनी, कमळ, शेवंती आणि प्लमचा मोहोर अशी चार फुले आहेत. चिनी परंपरेत ती अनुक्रमे वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळ्याची फुले मानतात, म्हणजे एका बशीवर पूर्ण वर्ष मांडलेले आहे. पिओनी ऐश्वर्याचे आणि मानाचे फूल, म्हणून ते सर्वांत मोठे. ही मांडणी अठराव्या शतकातही होती आणि विसाव्यातही; तेव्हा फुले कोणती आहेत यावरून काळ ठरत नाही, ती कशी काढली आहेत यावरून ठरतो. आपल्याकडच्या फुलांची बाह्यरेषा एकसारख्या जाडीची आहे आणि आतला रंग दोनच पायऱ्यांत बदलतो. शेवंतीच्या पाकळ्या मोजक्या आणि एका साच्याच्या आहेत. हात सराईत आहे, घाईतला आहे, पण छापाचा नाही : दोन बश्या शेजारी ठेवल्या तर कमळाचे देठ वेगवेगळ्या जागी वळलेले दिसतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अलीकडच्या कित्येक वस्तूंवर छपाईचे चित्र चिकटवून भाजलेले असते, आणि तिथे दोन नग तंतोतंत सारखे निघतात.

राहिली चार अक्षरे. छायाचित्रातली अक्षरे छियेनलुंगच्या कारकिर्दीचे नाव सांगतात, आणि व्यापाऱ्याचा सगळा दावा त्यांवर उभा आहे. पण चीनमध्ये पूर्वीच्या थोर कारकिर्दीचे चिन्ह नंतरच्या वस्तूंवर घालण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. त्यामागे कधी आदर असतो, कधी विक्रीची सोय. राजवाड्याच्या वस्तूंवरचे चिन्ह पांढऱ्या जमिनीवर, बहुधा चौकटीत, लेखनिकाच्या शिस्तीने काढलेले असते. आपल्या बश्यांवरची अक्षरे फिरोजी रंगावर थेट लिहिली आहेत, त्यांतल्या दोन अक्षरांचे फराटे एकमेकांत गेले आहेत आणि दोन्ही बश्यांवर त्यांचा तोल वेगळा आहे. उलट, अठराव्या शतकात निर्यातीसाठी झालेल्या पुष्कळ अस्सल बश्यांवर कोणतेही चिन्ह नसते. कुठे इंग्रजी अक्षरांत ‘चायना’ असा शिक्का दिसतो का, तेही पाहा. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक केले, त्यामुळे असा शिक्का असलेली वस्तू सहसा त्यानंतरची. मात्र शिक्का नाही म्हणजे वस्तू आधीची, असे म्हणता येत नाही, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता.

या सगळ्यावरून माझे मत असे की आपल्या बश्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या, कँटनच्या पद्धतीच्या, हाताने रंगवलेल्या आहेत. अडीचशे वर्षांचा दावा मला मुळीच मान्य नाही. याहून नेमका निकाल हवा असेल, तर क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीने (क्ष-किरण पाडल्यावर वस्तूतून उमटणाऱ्या किरणांवरून) वस्तूला धक्का न लावता रंगांतील मूलद्रव्ये ओळखता येतात. त्यात हिरव्या रंगात क्रोमियम निघाले तर अठरावे शतक आपोआप बाद होते, कारण क्रोमियमचा शोधच १७९० च्या दशकाच्या अखेरीचा आणि त्याचा रंग म्हणून वापर एकोणिसाव्या शतकातला. ही चाचणी करण्याइतकी या बश्यांची आर्थिक किंमत आहे असे मला वाटत नाही, पण उत्सुकता असेल तर मार्ग हाच आहे.

मुंबईच्या घरात या बश्या येण्यात नवल काहीच नाही. पारशी व्यापाऱ्यांचा कँटनशी संबंध अठराव्या शतकाच्या मध्यापासूनचा. जमशेटजी जीजीभाई यांनीही तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. कापूस आणि अफू तिकडे जाई, आणि रेशीम, चहा व चिनी वस्तू इकडे येत. हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी कँटनच्या कारागिरांनी हुक्क्याची भांडी आणि गुलाबदाण्याही चित्रित मीन्यात घडवल्या होत्या. चांगला चिनी माल डोळ्याखालून घालायचा असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू जरूर पाहा. सासूबाईंच्या माहेरी त्या कोणी, केव्हा आणल्या, याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते आजच तारखेसह लिहून ठेवा. अशी टिपणे नंतर कुठल्याही किमतीला मिळत नाहीत.

आता जपणुकीकडे येतो, आणि इथे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपल्या घरांत तांब्याची वस्तू दिसली की चिंच, लिंबू, मीठ, आमसूल किंवा पितळ घासायची पूड हाताशी येते. या बश्यांना यांतले काहीही लावू नका. ही काच शिशाची आहे, आणि शिशाच्या काचेला आम्ल सोसत नाही. पृष्ठभागातले घटक निघून जातात, चकाकी मरते आणि तेथे कायमचा मातकटपणा येतो, तो पुन्हा कशानेही जात नाही. काठाचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की घासण्याच्या एकदोन खेपांत तो उडून खालचे तांबे उघडे पडते. पाण्यात बुडवून ठेवणेही टाळा, कारण चिरांतून पाणी मीन्याखाली शिरते आणि आतून तांबे गंजून मीना वर उचलला जातो. मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्याने धूळ काढा. चिकट मळ असेल तर ऊर्ध्वपातित पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या कापसाच्या बोळ्याने, टवक्यापासून दूर राहून, एका वेळी थोडा भाग पुसा व लगेच कोरडा करा.

टवक्याभोवतीचा हिरवा डाग म्हणजे तांब्यावरचा कळंक आहे. तो खरवडू नका. खरवडताना शेजारचा सैल मीनाही निघतो. हे काम काच व धातू यांचे काम जाणणाऱ्या संवर्धकाकडे द्या. तो आधी कळंक थोपवेल, सुटू पाहणारा मीना पातळ ॲक्रिलिक राळेने, बहुधा पॅरालॉइड बी-७२ ने, जागेवर धरेल, आणि आपली इच्छा असेल तरच खड्डा भरून रंग जुळवेल. ही राळ ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणजे पुढे कोणाला अधिक चांगले काम करायचे झाले तर आधीचे काढता येते. बाजारातला झटपट चिकटणारा गोंद वापरला की ती वाट बंद होते. चकाकी आणून देणारे कारागीर टवका झाकण्यासाठी शेजारच्या शाबूत मीन्यावरही रंग ओढतात, आणि काही वर्षांत तो पिवळा पडून बशीवर डाग दिसू लागतो. मीन्याचा एखादा कण निघालेला सापडला तर तो फेकू नका, कागदाच्या पुडीत नाव लिहून ठेवा.

दुसऱ्या, शाबूत दिसणाऱ्या बशीवर पूर्वी अशी दुरुस्ती झाली आहे का, हे अंधाऱ्या खोलीत अतिनील विजेरीने पाहता येईल. जुनी राळ किंवा रंग सभोवतीच्या काचेहून वेगळा उजळतो. भिंगाखाली वरून दिलेला रंग चिरेवरून सलग गेलेला दिसतो. अस्सल मीन्यात चीर रंगालाही छेदून जाते.

ठेवताना एकीवर एक ठेवू नका. ठेवावीच लागली तर मध्ये धुऊन मऊ झालेले, खळ नसलेले सुती कापड घाला. वर्तमानपत्र आणि लोकर नको. नव्या प्लायवुडच्या बंद कपाटातून आम्लाची वाफ सुटते, म्हणून तेही नको. भिंतीवर लटकवण्यासाठी मिळणारे स्प्रिंगच्या तारेचे आकडे सर्वांत वाईट : ते काठावर सतत दाब देतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बश्यांचे काठ बहुधा याच कारणाने फुटलेले असतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला. या बश्यांत खाण्याचे पदार्थ कधीही वाढू नका, सुका मेवासुद्धा नाही. शिसे आणि आर्सेनिक या काचेचा भाग आहेत.

विकण्याचा विचार असेल तर जोडी फोडू नका. टवका उघडा ठेवूनच दाखवा. जाणता गिऱ्हाईक झाकलेल्या टवक्याला उघड्यापेक्षा कमी किंमत देतो. परदेशातल्या नातेवाइकांकडे पाठवायच्या असतील, तर १९७२ चा पुरावशेषविषयक केंद्रीय कायदा आड येऊ शकतो, कारण शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि आपल्या बश्या नेमक्या त्या सीमारेषेजवळच्या आहेत. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून त्यांची तपासणी करून लेखी प्रमाणपत्र घ्या. त्या अर्जासाठी दोन्ही बाजूंची छायाचित्रे, व्यास, उंची आणि वजन लागेल. ते मोजताना टवक्याच्या बाजूने बशी उचलू नका, दोन्ही हात बुडाखाली धरा.